एच-इंडेक्स ४१ की १५? पीएच.डी.साठी गाइड निवडताना

वाचकाचे पत्र: मी धाराशिव जिल्ह्यातील असून गेली दोन वर्षे शिक्षणासाठी पुण्यात राहते. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी पूर्ण झाले, नेट-जेआरएफही मिळाली. मला तोंडाच्या कर्करोगावर पीएच.डी. करायची आहे आणि दोन प्रयोगशाळांनी जागा देऊ केली आहे. पहिल्या सरांचे २१२ पेपर आहेत, एच-इंडेक्स ४१ आहे आणि सायटेशन, म्हणजे त्यांच्या पेपरांचे इतर पेपरांत आलेले संदर्भ, ९,००० च्या आसपास आहेत. त्यांचा पहिला पेपर २८ वर्षांपूर्वीचा आहे, मात्र २१२ पैकी ९६ पेपर केवळ गेल्या तीन वर्षांतले आहेत. दुसऱ्या मॅडमचे ३४ पेपर, एच-इंडेक्स १५, सायटेशन सुमारे १,१००, आणि त्यांचा पहिला पेपर ११ वर्षांपूर्वीचा आहे. मामा आणि आयटीत असलेला भाऊ दोघेही म्हणतात, “एवढा फरक असताना विचार कसला करतेस?” मॅडमशी बोलून मला फार चांगले वाटले होते, पण केवळ चांगले वाटले म्हणून आकड्यांकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे आहे का? आणि गाइडच्या पेपरविषयी त्यांनाच प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरेल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

सप्रेम नमस्कार. नेट-जेआरएफबद्दल मनापासून अभिनंदन.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ज्या व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली आयुष्यातील पाच-सहा वर्षे काढायची, तिचे पेपर वाचून त्यांविषयी तिला प्रश्न विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. माझ्याकडे इतक्या वर्षांत जे विद्यार्थी मुलाखतीला आले, त्यांत माझा एखादा तरी पेपर नीट वाचून आलेले बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि ते सारे मला आजही नावानिशी आठवतात.

आता आकडे. ते बाजूला टाका असे मी म्हणणार नाही, परंतु ते कशाचे मोजमाप आहे हे आधी समजून घ्यायला हवे. एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. ४१ चा अर्थ असा की सरांचे ४१ पेपर असे आहेत, ज्यांतील प्रत्येकाचा संदर्भ नंतरच्या पेपरांमध्ये किमान ४१ वेळा आला आहे. हा आकडा कधीही खाली येत नाही. संशोधकाने काम थांबवले तरी जुन्या पेपरांना सायटेशन मिळत राहतात आणि तो वाढतच जातो. त्यामुळे २८ वर्षे काम केलेल्या माणसाची आणि ११ वर्षे काम केलेल्या माणसाची या आकड्यावरून थेट तुलना करणे म्हणजे दहावीच्या मुलाची उंची चौथीच्या मुलाशी ताडून पाहण्यासारखे आहे. हिर्श यांनी स्वतःच त्या पेपरमध्ये एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागून पाहण्याची सूचना केली होती. तसे केले तर सरांचा भागाकार सुमारे १.५ येतो आणि मॅडमचा सुमारे १.४. ज्या फरकामुळे मामा आणि भाऊ एवढे ठाम झाले आहेत, त्यातील जवळजवळ सगळा फरक वयाचा आहे. हे आकडे दोघांच्याही बाबतीत एकाच ठिकाणाहून घेतले आहेत ना, हेही पाहा. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीच खुले केलेले पेपर) असे पुष्कळ काही मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा असतो. स्कोपसमध्ये लेखकाने स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळून आकडा पाहण्याची सोय आहे, ती जरूर वापरा.

तुमच्या पत्रातील ज्या आकड्याशी मी थांबले, तो वेगळाच होता. तीन वर्षांत ९६ पेपर म्हणजे सरासरी दर अकरा-बारा दिवसांना एक. एवढ्यावरून कोणावर संशय घेणे अन्यायाचे होईल. रुग्णनोंदणी, अनेक रुग्णालयांमधील चाचण्या किंवा मोठ्या जनुकीय प्रकल्पांमध्ये शंभर-शंभर लेखकांची नावे असतात आणि अशा गटात असलेल्या माणसाच्या नावावर पेपर भराभर जमा होतात. ते काम खरे असते, फक्त त्यात त्या एका माणसाचा वाटा लहान असतो. म्हणून या ९६ पेपरांची यादी उघडा आणि प्रत्येकात सरांचे नाव कुठे आहे ते पाहा. आपल्या क्षेत्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते, आणि करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे पेपरविषयीच्या पत्रव्यवहाराची जबाबदारी घेणारा लेखक, कोण हे वेगळे नोंदवलेले असते. अनेक जर्नल आता लेखकांच्या वाट्याचा तपशीलही छापतात: कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, विश्लेषण कोणी केले. मधल्या नावांचे पेपर वेगळे काढल्यावर ज्यांत सर शेवटचे लेखक आहेत आणि पहिले नाव त्यांच्या विद्यार्थ्याचे आहे, असे किती उरतात, हा आकडा तुमच्यासाठी ४१ पेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. मॅडमच्या ३४ पेपरांचीही याच नजरेने छाननी करा. त्यांतील निम्मे त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी. आणि पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) काळातले, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतले असू शकतात.

त्या यादीत रिव्ह्यू पेपर, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख, किती, तेही मोजा. सायटेशन मिळण्याची कारणे नाना प्रकारची असतात. जगात सर्वाधिक संदर्भ दिलेला पेपर कर्करोगावरील नाही की कोणत्या मोठ्या शोधाचाही नाही. तो ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावणातील प्रथिने मोजण्याची पद्धत सांगणारा पेपर आहे आणि त्याची सायटेशन तीन लाखांच्या वर आहेत. कर्करोगाच्या क्षेत्रात हॅनाहन आणि वाइनबर्ग यांनी २००० मध्ये कर्कपेशींची लक्षणे सांगणारा जो लेख लिहिला, तो तुम्ही एम.एस्सी.ला वाचला असेल. तोही रिव्ह्यू आहे, त्यात एकही नवा प्रयोग नाही. त्याने आमच्या साऱ्या पिढीच्या विचारांना चौकट दिली, त्यामुळे त्याची सायटेशन सार्थ आहेत. परंतु दरवर्षी निघणारे बरेचसे रिव्ह्यू तसे नसतात, आणि सायटेशन मात्र त्यांना प्रयोगाच्या पेपरपेक्षा सहज मिळतात. एखाद्या प्रयोगशाळेने तीन वर्षांत चाळीस रिव्ह्यू लिहिले असतील, तर तुमचा वेळ प्रयोगाच्या टेबलापेक्षा संगणकासमोर अधिक जाण्याची शक्यता आहे, एवढे लक्षात घ्या.

इम्पॅक्ट फॅक्टरविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण दोन्ही प्रयोगशाळांच्या संकेतस्थळांवर तो ठळकपणे दिसेल, म्हणून सांगते. तो जर्नलचा गुण असतो, त्यात छापलेल्या एकेका पेपरचा नव्हे. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढेच तो सांगतो. कर्करोगावरील एका अमेरिकन जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर काही वर्षी ५०० च्याही वर गेला, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे जगभरातील कर्करोगाची आकडेवारी देणारे त्यातील मोजके लेख, ज्यांचा संदर्भ प्रत्येक जण आपल्या पेपरच्या पहिल्याच वाक्यात देतो. काही थोडे पेपर सरासरी वर खेचतात आणि बाकीचे त्या सावलीत बसतात. मी एकदा एका निवड समितीत होते. तिथे उमेदवारांच्या सर्व जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून क्रम लावण्यात आला, आणि जिच्या एकाच पेपरमुळे आमच्या सर्वांची एका प्रथिनाबद्दलची समजूत बदलली होती ती मुलगी सातव्या क्रमांकावर गेली. मी त्या दिवशी माझा विरोध लेखी नोंदवला, पण निकाल बदलला नाही. याची खंत मला आजही आहे. मूल्यमापनासाठी इम्पॅक्ट फॅक्टर असा वापरू नये असे सांगणारे ‘डोरा’ जाहीरपत्र २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही बेरजा अजून होतच आहेत.

जर्नल खरे आहे की पैसे घेऊन काहीही छापणारे, हे मात्र अवश्य तपासा. या बाबतीत पुण्याने मोठे काम केले आहे. यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या जर्नलांपैकी नमुना म्हणून १,००९ जर्नल इथल्या विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासली आणि त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात असा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडला. त्यानंतर आलेली यूजीसीची ‘केअर’ ही मान्य जर्नलांची यादी आता बंद झाली आहे, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. गाइडचे नाव आणि ‘रिट्रॅक्शन’ (पेपर मागे घेणे) हा शब्द एकत्र शोधा, पबपीअर या चर्चेच्या संकेतस्थळावर त्यांच्या पेपरांवर कोणी शंका घेतल्या आहेत का ते पाहा, आणि शंका असेल तर त्याला उत्तर काय दिले आहे तेही वाचा. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक पेपर मागे घेतले गेले. प्रामाणिक चूक लक्षात आल्यावर स्वतःहून पेपर मागे घेणारा संशोधक मला शंकास्पद वाटत नाही, उलट त्याच्याकडे विद्यार्थी पाठवायला मी तयार असते.

तुम्हाला तोंडाच्या कर्करोगावर काम करायचे आहे, म्हणून दोघांच्याही पेपरमधील साहित्य आणि पद्धती हा भाग उघडून कोणत्या पेशी वापरल्या आहेत ते पाहा. ‘केबी’ नावाची एक सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) १९५० च्या दशकात तोंडाच्या कर्करोगाची म्हणून तयार झाली. पुढे ती प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींनी व्यापलेली असल्याचे सिद्ध झाले. हे कळून कित्येक दशके लोटली, तरी केबीला तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी म्हणवणारे पेपर अजून छापले जातात, आणि त्यांनाही सायटेशन मिळतात. माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत एका मित्राच्या गटाकडून आलेल्या पेशींवर आम्ही दोन वर्षे काम केले, आणि डीएनए जुळवून पाहणारी एसटीआर चाचणी केली तेव्हा त्या भलत्याच निघाल्या. माझ्या विद्यार्थिनीचा अख्खा एक पेपर आम्ही पाठवण्याआधीच फाडून टाकला. ती रात्रभर रडली आणि तिची समजूत घालायला माझ्याकडे शब्द नव्हते. पुणे विद्यापीठाच्या आवारातील एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, देशभरातील प्रयोगशाळांना पेशी पुरवते, आणि असंख्य भारतीय पेपरांत ‘पेशी एनसीसीएस, पुणे येथून घेतल्या’ असे एक वाक्य असते. ते वाक्य कोणाच्याही एच-इंडेक्समध्ये जमा होत नाही. दोन्ही ठिकाणी विचारा: पेशी कुठून आणता, आणि त्यांची ओळख किती वेळा तपासता? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून प्रयोगशाळेची शिस्त जितकी कळते, तितकी संपूर्ण प्रोफाइल पाहून कळत नाही.

हेला पेशी १९५१ मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या गेल्या, त्या जॉर्ज गे यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकून आलेल्या एक पुणेकर होत्या: कमल रणदिवे. १९१७ मध्ये पुण्यात जन्म, हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये महाविद्यालय. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगावर अनेक वर्षे काम केले. पेशी जिवंत ठेवण्याची विद्या त्या काळी या देशात जवळजवळ कोणाकडेच नव्हती. ती ज्यांना शिकवली त्यांनी पुढे इतरांना शिकवली. त्यांचा एच-इंडेक्स किती, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

संशोधनाच्या खऱ्या परिणामाचा प्रश्न तुमच्या जिल्ह्यातूनच समजावून घेता येईल. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास झाला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. तुमच्या आईला किंवा आजीला विचारा. कदाचित त्यांच्याही दारी आरोग्य कार्यकर्त्या आल्या असतील. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणारा विषाणू) चाचणीने प्रगत अवस्थेतील कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे अभ्यास सुरू झाल्यानंतर दहा वर्षांनी. गावोगाव फिरणाऱ्या ज्या गटाने ती दहा वर्षे दिली, त्यांतील एखाद्याचे मूल्यमापन पाचव्या वर्षी पेपर मोजून झाले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. याच अभ्यासावर कठोर टीकाही झाली, कारण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती, आणि ती टीका मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. टीका करणाऱ्यांनीही या पेपरचा संदर्भ दिला आणि तोही एक सायटेशन म्हणूनच मोजला गेला. मोजणाऱ्या यंत्राला प्रशंसा आणि आक्षेप यांतील फरक कळत नाही. म्हणून कोणत्याही पेपरच्या सायटेशनच्या आकड्यावर न थांबता, संदर्भ देणारे चार-पाच पेपर उघडून इतरांनी त्याचे नेमके काय केले, हे वाचावे.

आणखी एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. २००९ मध्ये भारतात एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारी चाचणी सुरू झाली. तिचे एक केंद्र पुण्यात होते. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद होऊन सरकारने लस देणे थांबवले, आणि सुमारे १७,७०० मुलींपैकी हजारोंना एकच मात्रा मिळाली होती. नियोजनाप्रमाणे पाहिले तर ती चाचणी फसली होती. संशोधकांनी मात्र या मुलींची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली, आणि २०२१ मध्ये एकाच मात्रेने दहा वर्षांपर्यंत, दीर्घकाळ टिकणाऱ्या एचपीव्ही १६ आणि १८ च्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते असे दाखवून दिले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत हा अभ्यास आहे. जिथे एका मुलीपुरती लस होती, तिथे आता दोघींना किंवा तिघींना पुरते. गाइडशी बोलताना त्यांना नेमके हेच विचारा, की ठरवलेला प्रयोग फसला तेव्हा त्यांनी काय केले. आणि उत्तर देताना ते विद्यार्थ्याला दोष देतात की आकडेवारीकडे परत जातात, ते लक्षपूर्वक ऐका.

या साऱ्यांनंतर विद्यार्थ्यांचा शोध घ्या. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर गाइडच्या नावाने प्रबंध शोधता येतात. प्रत्येक गाइडचे तीन प्रबंध निवडा, नोंदणी आणि सादरीकरण यांत किती वर्षे गेली ते पाहा, प्रबंधातील प्रकरणे पेपर म्हणून बाहेर आली का आणि आली असतील तर पहिले नाव त्या विद्यार्थ्याचेच आहे का ते ताडून पाहा. ज्यांनी मधेच सोडले, त्यांचा प्रबंध तिथे नसतो. त्यांच्याविषयी प्रयोगशाळेतील सध्याच्या मुलामुलींना कॅन्टीनमध्ये चहा घेताना विचारावे लागते, आणि तिथे लोक खरे बोलतात. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत काढून टाकण्यात आली आहे, तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, तेवढे कार्यालयात विचारून घ्या. निधी आणि उपकरणे यांबाबत सरांची बाजू बहुधा भक्कम असेल. त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही.

माझे मत विचाराल, तर पत्रातील माहितीवरून माझा कल मॅडमकडे आहे, आणि तुम्हाला त्यांच्याशी बोलून चांगले वाटले हे त्याचे एक कारण आहे. पाच वर्षे रोज ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याशी बोलणे जमणे ही किरकोळ गोष्ट नाही. परंतु सरांच्या यादीत विद्यार्थ्यांची पहिली नावे असलेले, प्रयोगावर आधारलेले पेपर सातत्याने दिसले आणि जुने विद्यार्थी आपण होऊन त्यांच्याविषयी आदराने बोलले, तर मी माझे मत बदलेन, आणि तुम्हीही बदलावे. मामांना आणि भावाला १.५ आणि १.४ चा भागाकार दाखवा. आयटीतल्या माणसाला तो लगेच पटेल.

या आठवड्यात दोघांचाही अलीकडचा, प्रयोगाचा, त्यांचे नाव शेवटी असलेला एकेक पेपर छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. पहिल्या आकृतीपासून सुरुवात करा, सारांश शेवटी वाचा. जिथे समजणार नाही तिथे समासात खूण करा, आणि तो कागद तसाच घेऊन त्यांच्या दारात जा.